गच्चीवरच्या सिनेमागप्पा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिनेमे पाहून त्यावर गच्चीत गप्पा मारणाऱ्या आमच्या गटाबद्दल तेच ते प्रश्न फोनवर, जिन्यात, भाजीच्या रांगेत आणि तलावपाळीवर भेळ खाताना इतक्यांदा विचारून झाले, की शेवटी एकदा लिहूनच काढलं. उत्तरं माझी आहेत. आमच्यातल्या निम्म्या लोकांना ती पटत नाहीत, आणि तुम्ही आलात की ते तुम्हाला तसं सांगतीलच.

तुम्ही सिनेमे दाखवता का?

नाही. पडदा नाही, प्रोजेक्टर नाही, आणि कृपया लिंक मागू नका. ज्याने त्याने सिनेमा आपापला पाहायचा, घरी, थिएटरात किंवा महोत्सवात. मग महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी सकाळी साडेआठला ठाण्याच्या नौपाड्यात आमच्या सोसायटीच्या गच्चीवर येऊन त्यावर बोलायचं. पत्र्याची शेड आहे, चौदा प्लॅस्टिकच्या खुर्च्या आहेत, आणि पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर दोघं-तिघं मावतात. साडेदहाला उठतो, कारण त्यानंतर रेल्वेचा मेगाब्लॉक सुरू झाला की डोंबिवली आणि ऐरोलीच्या मंडळींचे हाल होतात.

आर्ट फिल्म म्हणजे नक्की कोणती?

व्याख्या करायला बसलो की अख्खा रविवार जातो, असा अनुभव आहे. माझ्या पिढीला हा सिनेमा दूरदर्शनने दाखवला. ऐंशीच्या दशकात रविवारी दुपारी प्रादेशिक भाषांतले पुरस्कारविजेते चित्रपट लागायचे. जेवणं झालेली, बाबा आरामखुर्चीत घोरतायत, आई तांदूळ निवडतेय, आणि पडद्यावर कुणी बंगाली किंवा मल्याळी माणूस कितीतरी वेळ नुसता चालतोय. ‘ज्यात कोणीतरी खूप चालतं ती आर्ट फिल्म’ ही माझी दहाव्या वर्षीची व्याख्या होती. ती अजून पूर्ण चूक ठरलेली नाही.

इतिहासात डोकावायचं तर १९६९च्या आसपास सरकारच्या फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या पैशातून तीन सिनेमे आले. मृणाल सेन यांचा ‘भुवन शोम’, बासू चॅटर्जी यांचा ‘सारा आकाश’ आणि मणी कौल यांचा ‘उसकी रोटी’. तिन्हींचा कॅमेरा के. के. महाजन यांचा. पैसा एका तिजोरीतला, कॅमेरामन एक, आणि तरी तिघांचं एकमेकांशी काही नातं लागत नाही. पहिला हसवतो. दुसऱ्यात एकत्र कुटुंबातल्या नव्या लग्नाची घुसमट आहे. तिसऱ्यात एक बाई बस चालवणाऱ्या नवऱ्याचं जेवण घेऊन थांब्यावर वाट पाहत राहते, आणि आपणही तिच्याबरोबर थांबतो. या तिघांना एकच नाव देऊन काय साधलं ते मला कळत नाही. त्यामुळे आमच्याकडे दार उघडं आहे. तुम्ही पाहिलात आणि तुम्हाला त्यावर बोलावंसं वाटतंय, एवढं पुरे.

आणि कल्ट? ‘अशी ही बनवाबनवी’ कल्ट म्हणायचा का?

या प्रश्नावर गच्चीत दोन तट आहेत.

माझं म्हणणं असं, की कल्ट सिनेमा आधी पडावा लागतो. तो दिग्दर्शकाला ठरवून करता येत नाही. प्रेक्षकच नंतर कधीतरी त्याला उचलतात. न्यूयॉर्कच्या एल्गिन थिएटरात १९७० पासून खोदोरोव्स्की यांचा ‘एल टोपो’ मध्यरात्रीच्या खेळाला लागायचा आणि तोंडी प्रसिद्धीवर चालायचा. ‘द रॉकी हॉरर पिक्चर शो’ १९७५ मध्ये आपटला. पुढच्या वर्षी तो मध्यरात्री लावला, तर लोक पात्रांसारखे कपडे घालून यायला आणि पडद्याला उलट उत्तरं द्यायला लागले. आपल्याकडे मध्यरात्रीचे खेळ नव्हते. आपल्याकडे कॅसेट लायब्ररी आणि केबलवाला होता. ‘जाने भी दो यारों’ १९८३चा, पण तो घराघरांत पोचला टीव्हीमुळे. त्यातल्या एका बागेचं नाव अँटोनिओनी पार्क आहे. फोटो मोठा करता करता खून सापडतो ही कल्पना इटलीचे दिग्दर्शक अँटोनिओनी यांच्या ‘ब्लो-अप’मधली, तिला केलेला तो नमस्कार. आम्ही वर्षानुवर्षं त्या प्रसंगाला हसत होतो आणि हे आमच्या गावीही नव्हतं.

कमल स्वरूप यांचा ‘ओम दर-ब-दर’ तर याहून कहर. १९८८चा सिनेमा, थिएटरात रीतसर लागला जानेवारी २०१४ मध्ये. मधली पंचवीस-सव्वीस वर्षं तो हातोहात फिरणाऱ्या खराब प्रतींवर जगला. अजमेर-पुष्करकडचा एक मुलगा, बेडूक, ज्योतिष, जाहिराती यांचा त्यात असा काला आहे, की पाहिलेली दोन माणसं त्याची गोष्ट एकसारखी सांगत नाहीत. ‘तुंबाड’चंही तसंच, फक्त वेगाने झालं. ऑक्टोबर २०१८ मध्ये आला तेव्हा बेताचा चालला. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लावला तर पहिल्यापेक्षा जास्त कमाई करून गेला. मधल्या सहा वर्षांत ज्यांनी तो मोबाइलवर पाहून चुकचुकाट केला होता, तेच रांगेत उभे होते. मीही होतो.

आता दुसरा तट. ‘बनवाबनवी’ १९८८ मध्ये पहिल्या दिवसापासून चालला, म्हणून माझ्या हिशेबात तो बसत नाही. त्यावर कोपरीच्या एका मास्तरीणबाईंनी विचारलं, की रॉकी हॉररवाले संवाद पडद्याबरोबर म्हणतात म्हणून ते कल्ट, मग प्रत्येक मराठी घरात गणपतीच्या रात्री पंचवीस माणसं हा सिनेमा तोंडपाठ म्हणतात ते काय? हात वर करून मोजणी झाली. आठ विरुद्ध तीन. मी तिघांतला.

‘गुंडा’वर स्वतंत्र प्रश्न नको. यमक जुळवून बोलणारे खलनायक हा एक काव्यप्रकार आहे असा दावा एकाने पाऊण तास केला होता, आणि आमच्यातल्या दोघांना तो पटलाही.

मला सिनेमा समजलाच नाही, तर येऊन काय बोलू?

हाच सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. बहुतेक वेळा तो हळू आवाजात विचारला जातो.

आमच्याकडे एकच नियम आहे आणि तो एका शब्दाचा आहे : कुठे? ‘आवडला’ म्हणालात की कोणीतरी विचारणार, कुठे? ‘समजला नाही’ म्हणालात तरी तेच, कुठे? कुठपर्यंत समजत होता आणि कुठे धागा सुटला? गाडी कर्जतला सुटली की कल्याणलाच? डेव्हिड लिंच यांचा ‘मल्होलंड ड्राइव्ह’ घ्या. त्यात निळी पेटी उघडल्यावर माणसांची नावं बदलतात, नाती उलटतात. ‘काही कळलं नाही’ म्हणून एक मुलगा मान खाली घालून बसला होता. ‘कुठे?’ विचारल्यावर म्हणाला, ‘त्या पेटीपर्यंत सगळं कळत होतं. मला वाटलं, मीच झोपलो आणि दुसरा सिनेमा लागला.’ त्या सकाळी त्याच्याएवढं नेमकं कोणीच बोललं नाही. उरलेले आम्ही सगळे स्वप्न, अंतर्मन वगैरे शब्दांशी झटत होतो.

हा नियम मोठ्या शब्दांनाही लागू आहे. ‘मानवी एकाकीपणाचं विलक्षण चित्रण’ असं कोणी म्हणालं, की मागच्या खुर्चीवरून आवाज येतो, ‘कुठे?’ आणि बोलणाऱ्याला एखादी खुर्ची, एखादा दरवाजा, ताटातला एखादा घास दाखवावा लागतो. दाखवता आला नाही तर शब्द परत घ्यायचा. मी स्वतः असे बरेच परत घेतलेत.

‘बोअर झाला’ असं सांगितलं तर राग येतो का?

मुळीच नाही. फक्त कितव्या मिनिटाला ते सांगा.

शांताल अकरमन यांचा ‘जान दिलमान’ १९७५चा, २०१ मिनिटांचा आहे. ब्रसेल्समधली एक विधवा आई. तिच्या घरातले तीन दिवस. ती बटाटे सोलते, भांडी घासते, पलंग आवरते, मुलाला जेवायला वाढते, दुपारी घरी येणाऱ्या पुरुषांकडून पैसे घेते आणि ते टेबलावरच्या सुपाच्या भांड्यात ठेवते. कॅमेरा जागचा हलत नाही. २०२२ मध्ये ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश मासिकाने जगभरच्या समीक्षकांकडून कौल घेतला, त्यात हा सिनेमा पहिला आला. स्त्री दिग्दर्शकाचा सिनेमा तिथे पहिला येण्याची ती पहिली वेळ.

आमच्याकडे त्यावर बैठक ठेवली तेव्हा पुरुष मंडळींनी एकमुखाने कंटाळा जाहीर केला. एकाने तर मधला एक तास दुप्पट वेगाने पाहिल्याची कबुली दिली. वर्तकनगरहून येणाऱ्या एक काकू तोवर गप्प होत्या. त्या म्हणाल्या, ‘दुसऱ्या दिवशी तिचे बटाटे जास्त शिजले ना, तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. रोज करणाऱ्या बाईचे बटाटे असे बिघडत नाहीत.’ मग त्यांनी एकेक सांगत नेलं. भांड्यावरचं झाकण ठेवायचं राहिलं. केस विस्कटले. तिसऱ्या दिवशी कॉफी जमेना, दोनदा केली तरी. आम्ही ज्याला ‘काहीच घडत नाही’ म्हणत होतो, ते त्यांना रहस्यपटासारखं दिसत होतं, कारण त्यांना त्या स्वयंपाकघरातला वेळ ठाऊक होता. दुप्पट वेगाने पाहणाऱ्याने नंतर तो पुन्हा पाहिला. अजूनही तो त्याला लांबच वाटतो. पण कुठे लांब वाटतो ते आता तो सांगतो.

कंटाळ्याचेही प्रकार असतात हे मी या गच्चीवर शिकलो. एक रांगेतला. एक लग्नातला. एक रात्री झोप येत नसताना पंख्याकडे बघण्याचा. दिग्दर्शकाने यातला कोणता कंटाळा मागितलाय हे ओळखता आलं की पुष्कळ काम होतं. आणि काही सिनेमे नुसतेच कंटाळवाणे असतात, हेही सांगून टाकतो. त्यांची नावं गच्चीवर सांगेन.

हल्ली काय पाहिलंत?

गेल्या काही बैठकींतलं जमेल तेवढं सांगतो.

पायल कपाडिया यांचा ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’. २०२४ मध्ये त्याला फ्रान्सच्या कान महोत्सवात ग्रां प्री मिळालं. तीस वर्षांनी एक भारतीय सिनेमा तिथल्या मुख्य स्पर्धेत होता. मुंबईतल्या दोन मल्याळी परिचारिका, आणि त्यांच्याच रुग्णालयात स्वयंपाक करणारी पार्वती, म्हणजे छाया कदम. मला वाटलं होतं चर्चा त्या जर्मनीहून आलेल्या कुकरवर होईल. त्या परिचारिकांतल्या प्रभाला नवऱ्याचं पत्र नाही, फोन नाही आणि एके दिवशी दारात भात शिजवायचा कुकर येतो. प्रभा रात्री त्याला कवटाळून बसते. पण आमची गाडी अडकली पार्वतीच्या घरापाशी. बिल्डरला खोली हवी आहे, नवरा वारलेला, आणि इतकी वर्षं राहूनही तिच्या नावाचा एक कागद नाही. आमच्या गटातल्या अर्ध्या इमारती पुनर्विकासाला गेलेल्या किंवा जायच्या बेतात आहेत. त्या प्रसंगाबद्दल बोलायला सुरुवात झाली आणि पाच मिनिटांत लोक भाडं, कॉर्पस आणि कार्पेट एरियावर पोचले. मी त्यांना आवरलं नाही. पार्वती बिल्डरच्या जाहिरातफलकावर दगड मारते तेव्हा आमच्याकडच्या दोन निवृत्त बँकवाल्यांनी घरी बसून टाळ्या वाजवल्या होत्या म्हणे.

विरोधी मतही आलं, आणि ते मला चांगलं वाटलं. उत्तरार्धात तिघी रत्नागिरीकडे पार्वतीच्या गावी जातात. मूळचे संगमेश्वरचे एक गृहस्थ म्हणाले, ‘शहरातली माणसं कोकणात आली की सिनेमावाल्यांना लगेच त्यांना मोकळं करायचं असतं. आमच्या गावात कोणी मोकळं झालेलं मी पाहिलं नाही. चौघं बघतात.’ त्यांना ‘कुठे?’ विचारलं, तर म्हणाले, गुहेत. पाहिला असेल त्यांना कळेल.

‘साबर बोंडं’, म्हणजे निवडुंगाची फळं, रोहन कानवडे यांचा. २०२५ मध्ये सनडान्सला जागतिक कथापट विभागाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. त्या महोत्सवात पोचलेला तो पहिला मराठी सिनेमा. वडील गेल्यावर आनंद दहा दिवसांसाठी गावी जातो, सुतकाचे नियम पाळतो, लग्न कधी करतोस ही विचारणा टाळत राहतो, आणि बालपणीचा मित्र बाळ्या त्याला पुन्हा भेटतो. दोन पुरुषांच्या प्रेमावर आमच्या गच्चीवर कसं बोललं जाईल याची मला धाकधूक होती. पण बहुतेक वेळ सगळे आईबद्दलच बोलले. तिला किती माहीत आहे, ती काय बोलते, आणि नातेवाइकांसमोर काय बोलत नाही. सत्तरीच्या एका आजोबांनी एवढंच विचारलं, ‘काटे काढलेलं फळ कोण कुणाला देतं, लक्षात आलं का?’ आणि चहा ओतून घेतला.

तिसरा, बेला तार यांचा ‘द ट्युरिन हॉर्स’, २०११चा. १४६ मिनिटं आणि सगळे मिळून तीस शॉट. वारा, बाप, मुलगी, घोडा. रोज एकेक उकडलेला बटाटा. बापाचा एक हात लुळा आहे, त्यामुळे तो गरम बटाटा एकाच हाताने, बोटं भाजत सोलतो. एक दिवस विहीर आटते. घोडबंदरच्या दांपत्याने सांगितलं, की बाकीचं तत्त्वज्ञान राहू दे, आम्हाला ते विहिरीत डोकावणं पुरलं. त्यांच्याकडे दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. त्या रविवारी नेमके कोणीतरी बटाटेवडे आणले होते. बराच वेळ कोणी हात लावला नाही. मग सगळ्यांनी एकदमच लावला.

शेवट सांगितला तर चालतो का?

पेपर फोडणाऱ्याला आमच्याकडे शिक्षा नाही, पण पुढच्या वेळची चहाची किटली त्याच्याकडे. ढोबळ नियम असा, की शेवटी काय होतं ते विचारल्याशिवाय सांगायचं नाही. कसं होतं त्यावर हवं तेवढं बोलावं.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये एक जागा आहे. सुट्टी लागते, कोर्टाचे दिवे एकेक करून बंद होतात, पडदा काळा होतो. मी पाहिला त्या खेळाला चार जण चपला घालून उठले आणि दारापर्यंत गेले. तेवढ्यात सिनेमा पुन्हा सुरू झाला. ते चौघं दारातच उभे राहून उरलेला पाहत होते. त्या अंधाराबद्दल आम्ही दीड तास बोललो. त्याच्या पलीकडे काय आहे हे इथेही लिहीत नाही.

उलट, ‘फँड्री’मधला शेवटचा दगड मला पाहण्याआधीच चौघांनी सांगून ठेवला होता. तरी तो लागायचा तिथे लागलाच.

मोबाइलवर पाहिला तर तुम्ही नाक मुरडता का?

आधी मुरडत होतो. मग घणसोलीला नोकरी करणाऱ्या एका मुलीने ताम्हाणे यांचाच ‘द डिसायपल’ ठाणे-वाशी गाडीत चार फेऱ्यांत पाहिला. तिचं म्हणणं, शास्त्रीय गाणं शिकणारा शरद रात्री रिकाम्या पुलावरून मोटरसायकल चालवत कानात माई नावाच्या गायिकेची व्याख्यानं ऐकतो, ते प्रसंग तिला गाडीतच जास्त भिडले, कारण तीही त्याच्यासारखीच कानात काहीतरी घालून शहरातून वाहून नेली जात होती. सिनेमाचा शेवटही लोकलच्या डब्यातच आहे. ती तो पाहत होती तेव्हा तिच्या डब्यात पिना-रबरबँडवाली आली होती. आता यावर मी काय बोलणार? माईंचा आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा आहे, हे मात्र तिला आमच्याकडून कळलं.

‘कोर्ट’ मात्र फोनवर पाहू नका. त्यात कॅमेरा लांब उभा आहे आणि माणसं गर्दीत आहेत. पडदा लहान झाला की वकील तांदळाच्या दाण्याएवढे होतात आणि मागच्या बाकावरच्या माणसांचं जे चाललेलं असतं ते दिसतच नाही. आणि मागच्या बाकांवर पुष्कळ काही चाललेलं असतं.

इंग्रजी उपशीर्षकं वाचताना चित्र निसटतं. उपाय?

पहिली दहा मिनिटं दोनदा पाहा. एकदा अक्षरांसाठी, एकदा चेहऱ्यांसाठी. नंतर डोळा आपोआप सरावतो. थिएटरात मधली रांग घ्या. मराठी उपशीर्षकं फार क्वचित मिळतात आणि ही माझी जुनी तक्रार आहे. ज्यांचं मोतिबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय त्यांच्यासाठी कमी बोलके सिनेमे निवडून देऊ. ‘ट्युरिन हॉर्स’ एका आजोबांनी याच कारणाने निवडला होता.

परदेशी नावांचा उच्चार चुकला तर?

चुकू दे. थायलंडच्या अपिचातपाँग वीरसेथकुल यांना कानमध्ये २०१० मध्ये पाम दोर हा तिथला सर्वोच्च पुरस्कार मिळाला, आणि ते स्वतःच परदेशी लोकांना ‘मला जो म्हणा’ असं सांगतात. आम्ही ‘जोभाऊ’ म्हणतो.

सुरुवात कुठून करू?

घराजवळून. ‘किल्ला’ पाहा. अविनाश अरुण यांचा आहे आणि २०१४ मध्ये बर्लिनला मुलांच्या परीक्षकमंडळाने त्याला क्रिस्टल बेअर दिलं. बदलीच्या गावात आलेला मुलगा आणि त्याची आई ज्याला कळत नाही असा माणूस मला तरी भेटलेला नाही. मग इराणचे अब्बास किआरोस्तमी, ‘व्हेअर इज द फ्रेंड्स होम’, १९८७. मित्राची वही चुकून आपल्या दप्तरात आली आहे आणि ती आज परत दिली नाही तर उद्या मास्तर त्याला शाळेतून काढणार. एवढीच गोष्ट. तुमच्या घरात शाळकरी मूल असेल तर त्याला शेजारी बसवा, तेच तुम्हाला धरून ठेवील. मग ‘कोर्ट’. मग ‘जान दिलमान’, आणि तो रविवारी दुपारी नको, जेवणानंतर कोणीही टिकत नाही. बेला तार यांचा सात तासांहून मोठा ‘सातानतांगो’ पहिल्याच महिन्यात पाहायला घेणाऱ्यांचा आम्ही आदर करतो, पण ते सहसा परत येत नाहीत.

हे सिनेमे मिळतात कुठे?

काही ओटीटीवर, काही मूबी या ॲपवर. पुण्याचा आंतरराष्ट्रीय महोत्सव सहसा जानेवारीत असतो. दोघं-तिघं मिळून जा आणि पहाटेची गाडी पकडा. मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून हेच काम करतंय, त्यांचं सभासदत्व घ्या. थिएटरात लागलेला छोटा सिनेमा पहिल्या शुक्रवार ते रविवारातच पाहा, सोमवारी तो सकाळी नऊच्या एकाच खेळाला उरतो. एका मल्टिप्लेक्सने तर आमच्या डोळ्यांदेखत एका न तुटणाऱ्या लांब शॉटच्या मधोमध मध्यंतर मारलं आणि पॉपकॉर्नची जाहिरात लावली. तिथले व्यवस्थापक म्हणाले, ‘सर, सिनेमात दुसरी जागाच नव्हती.’ ते खरंच होतं.

मुलांना आणू का?

गच्चीवर आणा, पतंग असतात. सिनेमाचं आधी प्रमाणपत्र पाहा. आता ‘यूए’मध्ये सात, तेरा आणि सोळा वर्षांवरील असे तीन टप्पे आहेत. ‘ए’ असलेल्या सिनेमावर बैठक असेल तर आदल्या दिवशी कळवतो.

गुण किंवा स्टार देता का?

नाही. साडेतीन स्टार कुठे?

भांडणं होतात का?

एकदा नीट झालं. ‘द डिसायपल’वरच. गाणं शिकवणाऱ्या एक बाई आणि एक इंजिनीअर. गायक राम मराठे राहिले ते हे गाव. दर दुसऱ्या जिन्यात तंबोरा आहे, त्यामुळे विषय नाजूक होता. इंजिनीअर म्हणाला, शरद वाईट गातो म्हणून अपयशी ठरतो. बाई उसळल्या. ‘तो वाईट गात नाही. बरा गातो. वाईट गाणारा लवकर सुटतो, बरा गाणारा वीस वर्षं अडकतो. माझ्याकडे असे कितीतरी आहेत.’ मग थांबल्या आणि म्हणाल्या, ‘मीही.’ पुढे कोणी ‘कुठे?’ विचारलं नाही. ती भूमिका करणारे आदित्य मोडक स्वतः शिकलेले गायक आहेत, आणि इतकं बेतशीर बरं गाणं म्हणजे काय कसब, यावर मग दोघांचं एकमत झालं. इंजिनीअर आता त्यांच्याकडे मंगळवारी गाणं शिकायला जातो. बराच वाईट गातो.

समीक्षा वाचून येऊ का?

पाहिल्यानंतर वाचा. आणि दुसऱ्याचं मत आपलं म्हणून सांगू नका. आमच्यातले तिघं सगळं वाचतात, लगेच ओळखतात.

लिहून आणायचं का?

आणलंत तर पाच ओळी. त्यांतल्या तीन ओळींत जे पाहिलं ते आणि दोनांत जे वाटलं ते. उलटं प्रमाण असलेले कागद आम्ही प्रेमाने परत देतो.

वर्गणी किती? आणि पावसाळ्यात काय?

वर्गणी नाही. चहा पाळीपाळीने, साखरेचा आणि बिनसाखरेचा असे दोन थर्मास, कप आपला आणायचा. पावसात पत्र्याखाली काही ऐकू येत नाही, म्हणून जून ते सप्टेंबर खाली सोसायटीच्या ऑफिसात बसतो. तिथे नऊच खुर्च्या आहेत, तेव्हा येणार असाल तर आदल्या रात्री कळवा. एरवी नुसते या. लिफ्ट पाचव्या मजल्यापर्यंतच जाते, वरचा एक जिना चढावा लागतो. आलात की गच्चीचं दार ओढून घ्या, नाहीतर कबुतरं जिन्यात शिरतात आणि सेक्रेटरी आम्हाला बोलतात.